शेणाचं घर, मेणाचं घर : गोष्टींतल्या खेळकर बोलांचा विचार

बालकथेविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा कौतुकाने. 'निरागस', 'गोड', 'संस्कारक्षम' अशी विशेषणे लावली की समीक्षकाचे काम संपते. ज्या वाङ्मयाशी माणसाची पहिली ओळख होते तेच वाङ्मय आपल्या समीक्षेने न तपासता सोडून दिले आहे. कविता, कथा, आत्मकथन यांतील मूल्यांविषयी आपण हिरिरीने वाद घातले. पण वयाच्या चौथ्या वर्षी कानावर पडलेल्या चार बोलांनी आपल्या मनात काय पेरले, हे विचारायचे राहून गेले.

बोल असे मी मुद्दाम म्हणतो. आजीने सांगितलेली गोष्ट आज फार थोड्यांना सबंध आठवते. कोण कुणाच्या घरी गेले, मग काय झाले, शेवट कसा झाला, यात प्रत्येकाचा घोटाळा होतो. पण 'आटपाट नगर होतं', 'उतू नको, मातू नको', 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक', 'काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं', 'राजा भिकारी, माझी टोपी घेतली' हे बोल झोपेतून उठवून विचारले तरी कोणीही म्हणून दाखवील. गोष्ट गळून जाते आणि बोल उरतो. सांगणाऱ्याच्या दृष्टीने ही एक सोय होती. लिहिणे-वाचणे ज्यांना नाकारले गेले त्यांनी गोष्ट या खुंट्यांवर टांगून ठेवली. मधला मजकूर सांगणारी आपल्या मनाने भरी, पण बोल मात्र जसाच्या तसा यावा लागे. तो चुकला तर ऐकणारी पोरेच तिला अडवीत.

आणि इथेच खरा प्रश्न सुरू होतो. तात्पर्याशी वाद घालता येतो. यमकाशी वाद कोण घालतो? जे तालात येते ते तपासल्यावाचून आत जाते. म्हणून गोष्टीचे मूल्य तिच्या तात्पर्यात न शोधता तिच्या बोलात शोधले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

ही रीत नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त नेमके हेच केले. दसऱ्याला बायाबापड्या औक्षण करताना 'इडा पिडा जावो, बळीचं राज्य येवो' असे म्हणतात. हजारो घरांत हा बोल सहज म्हटला जात होता आणि शास्त्रीपंडितांना त्यात काही विशेष वाटत नव्हते. जोतीरावांनी विचारले : ज्या बळीला पाताळात घातल्याचा आनंद ब्राह्मणांची पुराणे सांगतात, त्याच बळीचे राज्य परत यावे असे शेतकऱ्याची बायको का म्हणते? त्या एका बोलातून त्यांनी पुराणाच्या विरुद्ध बाजूची आठवण बाहेर काढली. त्यांच्या सगळ्याच व्युत्पत्ती आज मान्य होणार नाहीत. पण बोल कुणाच्या तोंडचा आहे आणि तो कुणाच्या बाजूने बोलतो, हे दोन प्रश्न त्यांनी आपल्याला दिले. तेच प्रश्न मी गोष्टींतल्या बोलांना विचारणार आहे.

१

'आटपाट नगर होतं.' श्रावणातल्या कहाण्या या बोलाने उघडतात. हे नगर कुठल्या नकाशावर नाही. नादासाठी जुळवलेले नाव आहे ते. ऐकणाऱ्याला त्याने रोजच्या गावातून उचलून गोष्टीच्या गावात ठेवायचे असते. एवढ्यापुरता हा बोल निर्दोष आहे. पण त्याच्या पुढचे वाक्य पाहा : 'तिथं एक राजा होता', नाही तर 'तिथं एक गरीब ब्राह्मण होता'. नगराला खरे नाव नाही, राजाला नाव नाही, ब्राह्मणाला नाव नाही, त्याच्या बायकोला तर नाहीच नाही. मात्र ब्राह्मणाची जात सांगितल्याशिवाय कहाणी पुढे सरकत नाही. जे नगर केवळ कल्पनेत आहे तिथेही वर्ण तेवढा खरा आहे!

नगर म्हटले की वेस आली. वेस म्हटली की वेशीबाहेरचे आले. पण मी ज्या कहाण्या ऐकल्या आणि वाचल्या, त्यांत गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत कुणी चालत आलेले मला आढळले नाही. राबणारी माणसे येतात, नाही असे नाही. आदित्यराणूबाईच्या कहाणीत मोळीविक्या येतो, माळी येतो. पण ते येतात कशासाठी? कहाणी ऐकण्यासाठी. उपाशी माणूस हवा, त्याला कहाणी ऐकवायची आहे, म्हणून शोध होतो आणि मोळीविक्या सापडतो. त्याने भक्तिभावाने ऐकले की त्याची मोळी सोन्याची होते. लाकडे तोडून, डोक्यावर वाहून, विकून जे मिळत नाही ते ऐकून मिळते. राबणाऱ्याने ऐकावे, सांगावे मात्र दुसऱ्याने, ही वाटणी या कहाण्यांनी किती गोड करून ठेवली आहे!

कहाणी संपते तीही बोलाने : 'ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.' 'उत्तर' म्हणजे इथे प्रश्नाचे उत्तर नव्हे. जुन्या मराठीत 'उत्तर' म्हणजे बोल, वचन. साठ बोलांची कहाणी पाच बोलांत आटोपली, असा त्याचा सरळ अर्थ. सांगणारी बाई कामात आहे, पूजा उरकायची आहे, स्वयंपाक राहिला आहे. म्हणून लांब कहाणी थोडक्यात सांगून तिचे पुण्य मात्र पुरते पदरात पाडून घ्यायचे. या बोलात बाईच्या जातीचा एक मिस्कीलपणा आहे आणि तो मला आवडतो. पण उरलेल्या पंचावन्न बोलांत काय होते, हा प्रश्नही त्याच बोलाने आपल्या हाती दिला आहे. आपला इतिहास बहुधा त्या पंचावन्नांत राहिला.

२

'उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको.' कहाणीतला हा सर्वांत वजनदार बोल. देव किंवा देवाच्या वतीने बोलणारा कोणी वसा देताना हे बजावतो आणि घेणारी उलट म्हणते, 'उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही.' 'उतणे' हे दुधाचे क्रियापद आहे. चुलीवरचे दूध भांड्याची कड ओलांडते तेव्हा ते उतते. 'मातणे' हे 'मत्त'वरून आलेले; ज्याला मद चढला तो मातला. दोन्ही शब्दांत एकच भीती आहे : जे भांड्यात आहे ते भांड्याबाहेर येईल.

आता हे शब्द गावात कुणाविषयी वापरले जातात ते आठवा. गावच्या पाटलाने नवा वाडा बांधला तर तो मातला असे कोण म्हणतो? वस्तीतल्या पोराने इस्त्रीचा सदरा घातला, कुणी मेलेले ढोर ओढायला नाही म्हटले, कुणी नवरदेवाला घोड्यावरून गावातून नेले, की चावडीवरून शब्द येतो : 'लई मातलेत.' कहाणीतल्या देवाचे क्रियापद गावाच्या तोंडी आले ते असे. देवघरात जो उपदेश होता तो चावडीवर दटावणी झाला. शब्द तोच, धाकही तोच. भांड्यात राहा.

याच जागी मला आपल्या इतिहासातील एक गोष्ट दिसते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील पहिल्या प्रतिज्ञा नकाराच्या आहेत : मानणार नाही, उपासना करणार नाही, विश्वास ठेवणार नाही. व्याकरण पाहा. 'उतणार नाही, मातणार नाही' यातले 'णार नाही' तेच आहे. पिढ्यान्‌पिढ्या वसा घेताना ज्या क्रियापदाने माणसे स्वतःला बांधून घेत होती, त्याच क्रियापदाने त्या दिवशी ती सुटली. बाबासाहेबांच्या मनात कहाणीचा बोल होता असे मला म्हणायचे नाही. पण ज्या आयाबहिणी त्या मैदानावर उभ्या होत्या, त्यांच्या कानाला प्रतिज्ञेचा हा घाट परका वाटला नसेल. 'णार नाही' कसे म्हणायचे हे त्यांना ठाऊक होते. कशाला म्हणायचे, ते त्या दिवशी बदलले. नवा वसा त्यांनी घेतला आणि तो टाकला नाही.

३

आता काऊचिऊ. पाऊस येतो. काऊचे घर शेणाचे, ते वाहून जाते. चिऊचे घर मेणाचे, ते राहते. काऊ दाराशी येतो, 'चिऊताई चिऊताई, दार उघड' म्हणतो. चिऊ आतून सांगते, 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते.' काऊ भिजत उभा राहतो. कुठल्या पाठात ती अखेर दार उघडते. कुठे त्याला चुलीपाशी जागा देते आणि त्याचे पंख भाजतात.

ही गोष्ट फार जुनी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'त ती चक्रधरांच्या तोंडी येते. तिथे चिमणीच्या जागी साळै आहे, पण शेणाचे आणि मेणाचे घर तेच. ज्या चक्रधरांनी चारही वर्णांच्या दारी भिक्षा मागावी असे सांगितले, त्यांच्या ग्रंथात ती आली यावरून एवढे नक्की कळते की ती कुणी आपल्याला हिणवण्यासाठी रचलेली नाही. 'काऊ' हे 'काव काव'वरून, 'चिऊ' हे 'चिव चिव'वरून. 'शेण' आणि 'मेण' यांचे यमक आयते जुळले. उगम एवढाच, आवाजाचा खेळ.

पण उगम निर्दोष असला म्हणून परिणाम निर्दोष ठरत नाही. एक प्रसंग सांगतो. मी एका खेड्यातल्या शाळेत मास्तर होतो. दुसरीच्या वर्गाला ही गोष्ट सांगताना मी सहज विचारले, 'शेणाचं घर कुणी पाहिलंय का रे?' वस्तीतल्या एका मुलीने हात वर केला. 'आमचं हाय.' तिच्या आईने भिंती शेणामातीने लिंपलेल्या होत्या, तेच तिने प्रामाणिकपणे सांगितले. वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. मुलीने हात खाली घेतला आणि नंतर वर्षभर तो हात मी वर झालेला पाहिला नाही. त्या दिवशी त्या मुलीला तिच्या घराची लाज कुणी शिकवली? गोष्टीने अर्धी शिकवली, उरलेली मी.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा हा प्रसंग आईला सांगितला. ती अंगण सारवीत होती. ती थांबली नाही, मान वर न करताच म्हणाली, 'मेणाचं घर चैतात ऱ्हाईल व्हय रं?'

मी मराठी घेऊन एम. ए. झालो होतो आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. खरेच, गोष्टीने परीक्षेसाठी पाऊसच का निवडला? विदर्भ-मराठवाड्याच्या वैशाखात मेणाचे घर एक दुपार टिकणार नाही. शेणामातीची भिंत मात्र त्या उन्हात आणखी घट्ट होते आणि आत गारवा धरते. १९७२ च्या दुष्काळात पाऊस आलाच नाही. त्या वर्षी काऊचे घर उभे राहिले असते आणि चिऊ दाराशी आली असती. शेणाचे घर वाईट असते असे काही नाही. ज्या ऋतूत ते पडते तोच ऋतू गोष्टीने धरला. परीक्षा कोणत्या विषयाची घ्यायची हे ज्याच्या हातात, निकालही त्याच्याच हातात असतो. 'गुणवत्ता' या शब्दावरून राखीव जागांच्या विरोधात जो गदारोळ होतो, त्याच्या मुळाशी याहून वेगळे काय आहे?

शेणाचेही पाहा. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी प्याले. तळे 'बाटले' म्हणून सनातन्यांनी ते पंचगव्याने 'शुद्ध' केले. पंचगव्यात शेण असते. म्हणजे माणसाच्या स्पर्शाने विटाळलेले तळे शेणाने पवित्र होते, पण माणसाचे घर शेणाचे असले की ते हसण्यावारी जाते. शेण पवित्र की हलके, हे शेण कुणाच्या हातात आहे त्यावर ठरते. सारवणारी आणि गोवऱ्या थापणारी बाई त्या पावित्र्यात कुठेच नाही.

आणि काऊ? आपल्या भाषेत कावळा 'शिवतो'. बाई महिन्याची बाजूला बसली की मुलांना सांगतात, 'कावळा शिवला.' पिंडाला कावळा शिवला की मेलेल्या माणसाला गती मिळाली म्हणून तेच घर सुटकेचा श्वास टाकते. एकीकडे त्याचा स्पर्श म्हणजे विटाळ, दुसरीकडे त्याच्या स्पर्शावाचून मोक्ष अडतो. अशी दुहेरी नोकरी गावाने आणखी कुणाला दिली होती हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. मेल्याची वर्दी घेऊन परगावी जायचे महाराने, सरणाची लाकडे आणायची महाराने, मेलेले ढोर ओढायचे महाराने, आणि शिवायचे मात्र कुणाला नाही. मुंबई राज्याने १९५८ च्या कायद्याने हे कनिष्ठ गावकामगारांचे वतन रद्द केले. 'शिवणे' या क्रियापदातला विटाळ मात्र कायद्याने कसा रद्द करणार?

काऊ म्हणजे महार असे मी म्हणत नाही. पण भिजत उभ्या असलेल्याला आतून 'थांब' म्हणणे, बंद दाराआड बाळाचे लाड चालू ठेवणे, आणि हे सगळे तालात, हसतखेळत चार वर्षांच्या पोराच्या तोंडी देणे, याला 'संस्कार' म्हणायचे असेल तर कसला संस्कार, एवढे तरी आपण विचारले पाहिजे. त्या गोष्टीत दाराबाहेर उभे राहून ऐकणारीही मुले होती. 'थांब' हा शब्द त्यांनी शाळेच्या पायरीवर ऐकला होता, पाणवठ्यावर ऐकला होता.

४

सगळे बोल याच जातीचे आहेत असे मात्र नाही, आणि तसे म्हटले तर आपण आपल्याच आजीवर अन्याय करू.

भोपळ्यातली म्हातारी घ्या. म्हातारी लेकीकडे निघाली आहे, वाटेत वाघ भेटतो, कोल्हा भेटतो. अंगात पळायचे बळ नाही, हातात काठीखेरीज काही नाही. ती म्हणते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. परत येताना ती भोपळ्यात बसते आणि आतून म्हणते, म्हातारी कोतारी मी नाही पाहिली, 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक'. 'कोतारी'ला अर्थ नाही. 'म्हातारी'चा तो पडसाद आहे, जसा 'भाकरी-बिकरी'त 'बिकरी'. 'टुणुक' म्हणजे उडी. बोल बिनअर्थी आहे, पण बिनकामी नाही. दुबळ्याचे शस्त्र त्यात आहे : वेळ काढणे, तोंड चालवणे, आणि समोरच्याचा लोभ ओळखून त्यालाच थोपवून धरणे. तिच्या उत्तरात एक दुखरी जागाही आहे. तूपरोटी खाऊन जाडजूड होण्यासाठी तिला लेकीच्या घरी जावे लागते. स्वतःच्या घरी ती का वाळली आहे, हे गोष्ट सांगत नाही; ऐकणाऱ्या उपाशी पोरांना ते सांगावे लागत नव्हते.

ही म्हातारी आपल्याच मुलखातली नाही. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या १९१० सालच्या 'टुनटुनिर बोइ'त ती बंगाली होऊन भेटते, इराणमध्ये ती फारसी बोलते आणि तिथेही भोपळ्यातच बसते. वाघाच्या जागी कोणी येवो, भुकेल्या म्हातारीची युक्ती सगळीकडे तीच आहे. राबणाऱ्यांचे वाङ्मय धर्म, भाषा, देश यांच्या वेशी ओलांडून कसे चालत जाते याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

५

आणि उंदराची टोपी. उंदराला वाटेत एक चिंधी सापडते. तो ती परटाकडून धुऊन घेतो, रंगाऱ्याकडून रंगवून घेतो, शिंप्याकडून तिची टोपी शिवून घेतो, तिला गोंडे लावून घेतो. मग ढोलके वाजवीत राजाच्या वाड्यापुढे जातो : राजाच्या टोपीपेक्षा माझी टोपी छान, ढुम ढुम ढुमाक! राजा चिडून टोपी काढून घेतो. उंदीर वाजवतो : 'राजा भिकारी, माझी टोपी घेतली.' राजा शरमून टोपी परत देतो. उंदीर वाजवतो : 'राजा मला भ्याला, माझी टोपी दिली.'

मराठीतला इतका निर्भय बोल दुसरा नसेल. राजाने टोपी घेतली तरी तो हरला, दिली तरी हरला. 'भिकारी' हा शब्द तर उंदराने मुळापासून उलटा केला आहे. गावाने ज्यांना भाकरतुकडा मागायला लावला त्यांना गाव भिकारी म्हणत आले. उंदीर म्हणतो, दुसऱ्याची वस्तू जो हिसकावतो तो भिकारी, मग त्याच्या डोक्यावर मुकुट का असेना. आणि त्याच्या हातात ढोलके आहे! गावात दवंडी पिटायची ती सरकारच्या हुकमाची, आणि पिटणारा आपल्यातला. वाजवायचे आपण, बोलायचे राजाने. उंदराच्या हातात आल्यावर त्याच वाद्याने राजाविरुद्ध दवंडी दिली. बंगालीत हेच काम टुनटुनी पक्षी करतो. त्याच्यापाशी टोपी नसून राजाचे एक नाणे आहे, पण राजाची फजिती तीच. आपल्या कवींनी १९६० नंतर जो नकार मांडला त्याचे सूत एखाद्या परदेशी चळवळीत शोधणाऱ्यांनी आधी या उंदराला भेटून यावे.

इथे मी थांबलो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण समीक्षेने आपल्या बाजूच्या गोष्टीलाही तोच प्रश्न विचारायला हवा. काही पाठांत परीट फुकट धुवायला तयार नसतो, शिंपी शिवायला तयार नसतो. मग उंदीर काय म्हणतो? चावडीवर जाईन, शिपाई बोलवीन, तुला मार देववीन आणि मी मजा बघीन. परीट निमूट धुतो. शिंपी निमूट शिवतो. हाही बोल तालातच आहे, आणि पोरे त्यालाही हसतात.

म्हणजे राजाला भिकारी म्हणणारा आपला हा विद्रोही त्याच्या टोपीचा धागा अन् धागा वेठीने मिळवतो. राजाच्याच शिपायांचा धाक दाखवून तो बलुतेदारांकडून फुकट काम करून घेतो. वरच्यापुढे निर्भय आणि खालच्यापुढे राजा! जातीच्या उतरंडीत प्रत्येकाला पायाखाली कोणी तरी मिळते, हे बाबासाहेबांनी सांगितलेले सत्य या चिमुकल्या उंदराने किती नेमके दाखवले आहे. आपल्या चळवळीत, संघटनांत, घरांत हा उंदीर आपण पाहिलेला नाही काय? व्यासपीठावर व्यवस्थेला शिव्या घालून घरी आल्यावर बायकोकडून पाय चेपून घेणारा, पोटजातीच्या नावाने सोयरीक नाकारणारा कोण आहे? त्याची टोपी छान आहे, यात शंका नाही. ती कुणी शिवली, हे त्याला विचारायचे राहिले आहे.

६

यावर एक आक्षेप ठरलेला आहे : पोरांच्या खेळात जात कशाला आणता? मी आणलेली नाही. वर्गातल्या त्या मुलीचा खाली गेलेला हात मी पाहिला, एवढेच. दुसरा आक्षेप आपल्यातल्या काहींचा असतो : मग या गोष्टी टाकूनच द्या. तेही मला पटत नाही. हे बोल आपल्या आज्यांच्याही तोंडचे आहेत. १८६८ साली लंडनला 'ओल्ड डेक्कन डेज' हे लोककथांचे पुस्तक निघाले. त्यावर नाव आहे मुंबईच्या गव्हर्नराची मुलगी मेरी फ्रियर हिचे. गोष्टी सांगितल्या तिच्या आयाने, ॲना लिबेराटा डिसूझा हिने. सांगणारी एक आणि नाव दुसरीचे, ही आपल्या लोकवाङ्मयाची जुनीच रीत आहे. तरी ॲनाचे नाव आत नोंदले तरी गेले. आपल्या वस्त्यांतल्या हजारो सांगणाऱ्यांची तेवढीही नोंद झाली नाही. त्यांचे बोल टाकून देणे म्हणजे त्या नोंदीवर आपणच काट मारणे होय.

करायचे ते वेगळे आहे. शिक्षकांनी ही गोष्ट जरूर सांगावी. पण काऊचिऊ सांगताना एकदा पावसाची सांगावी आणि एकदा उन्हाळ्याची. त्या दिवशी चिऊला कोण दार उघडते ते मुलांनाच ठरवू द्यावे. उंदराची टोपी सांगताना परटाची आणि शिंप्याची मजुरी किती झाली तेही विचारावे. विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे वही घेऊन बसावे आणि बोल जसाच्या तसा, त्यांच्या बोलीत, शुद्धलेखन न करता उतरून घ्यावा. कोणी सांगितला, कोणत्या गावात, कोणत्या साली, हे खाली लिहावे. साठातले पंचावन्न बोल अजून त्यांच्यापाशी आहेत, आणि त्या म्हाताऱ्या दर वर्षी कमी होत आहेत.

आईचे ते वाक्य मी त्या वेळी कुठे लिहून ठेवले नाही. ते आठवणीत राहिले, कारण तोही एक बोलच होता. पुढे मी पुष्कळ वर्षे शिकवले. काऊचिऊ सांगताना दर वेळी तो प्रश्न वर्गाला विचारला : मेणाचं घर चैतात राहील काय? दर वर्षी थोडा वेळ वर्ग गप्प होई आणि मग कुठल्या तरी मागच्या बाकावरून एक हात वर येई.